‘पगार’ परका कसा?

‘पगार’ हा फिरंग्यांचा शब्द, सबब तो लेखनातून काढून ‘वेतन’ योजावा, असा आग्रह आपल्या शुद्धिवादी मंडळींकडून अधूनमधून धरला जातो. आम्हांस तो मुळीच मान्य नाही. सबंध नोकरीभर आम्ही वेतन देयकांवर सह्या केल्या. घरी मात्र पगारच आणला.

शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे खरेच. पोर्तुगीज व स्पॅनिश या दोन्ही भाषांत ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. तेथले क्रियापद, आपण त्याचे नाम केले. लॅटिनमध्ये ते ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. त्याचे मूळ ‘पाक्स’, म्हणजे शांती. धनकोला शांत करणे, यावरूनच देणे फेडणे हा अर्थ आला. फ्रेंच ‘पेये’ व इंग्रजी ‘पे’ ही त्याच घरची भावंडे, आणि इंग्रजी ‘पीस’ ही चुलत बहीण. (एक तारखेला घरात नांदणारी शांती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ही व्युत्पत्ती पटवावी लागणार नाही.) ‘पाकारे’तील ‘क’चा ‘ग’ झाला, तसाच आपल्याकडे मकराचा मगर झाला. मगरीला अशुद्ध म्हणून कोणी कोशाबाहेर काढल्याचे ऐकिवात नाही.

शिवाय, ‘पाक्स’च्या मुळाशी बांधणे या अर्थाचा जो आद्य धातू भाषाशास्त्रज्ञ मानतात, त्यालाच ते संस्कृत ‘पाश’ही जोडतात. म्हणजे पगार हा पाशाचा दूरचा भाऊबंद. संस्कृत कुळ हीच ज्यांची अट, त्यांनी आता काय करावे?

आमच्या कॅसलरॉकला तर हा आग्रह अधिकच विसंगत वाटतो. मुरगावची रेल्वे १८८८ मध्ये येथवर पोचली आणि १९६१ पर्यंत गोव्याच्या सरहद्दीवरील जकातीची तपासणी येथे होत असे. पगाराला मात्र या नाक्याची गरजच पडली नाही. तो रेल्वेच्या कितीतरी आधी आलेला. पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतला, वसई १५३४ मध्ये. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई परत घेतली; फिरंगी गेले, त्यांचे शब्द राहिले. १९५६ मध्ये आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सरकारी कागदांवर मराठीत वेतन, कन्नडातही वेतन. पण या भागात मराठी, कोकणी आणि कन्नड बोलणारे तिघेही पगारच म्हणतात.

वेतनाशी आमचे वैर नाही. ‘वेतनश्रेणी’ आहे तशी सुखाने नांदो. परंतु ‘बिनपगारी फुल अधिकारी’ या म्हणीत शुद्धिवाद्यांनी एकदा वेतन घालून पाहावे.