म्हाताऱ्या ताऱ्याची भिंगरी

परवा शाळेच्या पडवीत मुलांनी एक सायकल उलटी करून ठेवली होती. नववीत दोनदा मागे राहिलेला एक विद्यार्थी तिच्या चाकाला तळहाताने हलक्या थापा देत होता. प्रत्येक थापेसरशी चाकाचा वेग वाढत होता. ते पाहता पाहता मला एका ताऱ्याची आठवण झाली.

प्रचंड ताऱ्याचा अंती स्फोट होतो, तेव्हा त्याचा गाभा आकसून वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचा गोळा उरतो. त्यात सूर्याहूनही अधिक वस्तुमान ठासलेले असते. हाच न्यूट्रॉन तारा. जन्मतः तो वेगाने फिरतो, पुढे मंदावत जातो. ज्याचा स्फोट १०५४ साली दिसला, तो वृषभ राशीतील तारा आज सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या घेतो.

१९८२ साली मात्र अरेसिबोच्या दुर्बिणीने सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा तारा दाखविला. डोनाल्ड बॅकर यांच्यासह तो शोधणाऱ्यांत श्रीनिवास कुलकर्णी होते. जन्म कुरुंदवाडचा, बालपण हुबळीचे. नवल हे की, या ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र क्षीण होते. म्हणजे तो वृद्ध होता. मग हा वेग कोठून आला?

बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील राधाकृष्णन व श्रीनिवासन यांनी, तसेच अन्यत्र अल्पर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्याच वर्षी उत्तर सुचविले. शेजारचा सोबती तारा फुगला की त्याचे द्रव्य न्यूट्रॉन ताऱ्याकडे ओढले जाते. ते सरळ कोसळत नाही. भोवती फिरत तबकडी रचते. तिच्या आतल्या कडेचे द्रव्य ताऱ्याहून वेगाने धावते आणि आदळताना त्याला फिरण्याच्याच दिशेने रेटा देते. क्षेत्र क्षीण असल्याने तबकडी अगदी जवळ येते, आणि जितकी जवळ तितका तिचा वेग अधिक. ताऱ्याने तो वेग गाठला की रेटा संपतो. चाक हातापेक्षा जलद झाले की थापेचा उपयोग होत नाही, तसेच.

पुरावा १९९८ साली हाती आला. सोबत्याचे द्रव्य गिळता गिळता सेकंदाला ४०१ फेऱ्या घेणारा तारा धनू राशीत आढळला. सोळा वर्षांपूर्वीचा तर्क खरा ठरला.

वाचकहो, मंदावलेल्या ताऱ्याला पुन्हा गती मिळाली ती एका आघाताने नव्हे, कोट्यवधी वर्षांच्या लहान, योग्य दिशेच्या थापांनी. विरुद्ध दिशेची थाप मात्र चाक थांबविते. पडवीतील त्या मुलाकडे पाहताना, आजवर माझ्या थापा कोणत्या दिशेच्या होत्या, हा प्रश्न मला पडला.