मोठा रेडिएटर नावाची अंधश्रद्धा

"गाडी तापतेय? मग मोठा रेडिएटर टाक की लेका. विषय कट!"

हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की माझंच तापमान वाढतं. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मान डोलावली होती. मान डोलावून वर पैसेही दिले होते. त्यामुळे आजचा हा विकांताचा लेख म्हणजे थोडा राग आहे, आणि थोडा (बराचसा) प्रायश्चित्ताचा भाग आहे.

आधी पार्श्वभूमी. मी पुण्यात मेकॅनिकल केलं आणि रीतसर आयटीत गेलो. (हसू नका, तुमच्यातले अर्धे तसेच आहात.) कंपनीने इंग्लंडात बर्मिंगहॅमला पाठवलं, तिथे ऑफिसात एक कोल्हापूरकर भेटला आणि आम्ही दोघांनी मिळून एक जुनी माझदा एमएक्स-५ घेतली. पहिल्या पिढीची, १.८ लिटरची. तिला गॅरेजमध्ये स्वतः टर्बो बसवला. का? तर आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर शेल्सली वॉल्श आहे. वूस्टरशरमधली ही टेकडी, तिथे १९०५ सालापासून मोटारी एकेकट्या घड्याळाविरुद्ध चढवतात. रस्ता फक्त १००० यार्डांचा, म्हणजे ९१४ मीटर. सर्वांत वेगवान सिंगल सीटर गाड्या तो २३ सेकंदांच्या आत संपवतात. आमची बिचारी ३३ सेकंद घेते. हौस म्हणाल तर महागडी, पण ईएमआयवर फ्लॅट घेण्यापेक्षा मजेची.

तर मुद्दा असा, की मागच्या मोसमात आमच्या गाडीचं हेड गॅस्केट उडालं. चौथ्या सिलिंडरपाशी. आम्ही नवीन गॅस्केट टाकलं आणि सल्ल्याप्रमाणे मोठा अ‍ॅल्युमिनिअमचा रेडिएटर आणला. नेहमीच्या दीडपट जाडीचा, चकचकीत, बघत राहावा असा. शिवाय एकोणीस ओळींचा ऑइल कूलर. शिवाय जाड इंटरकूलर. शिवाय बॉनेटला मागच्या बाजूला, काचेजवळ, दोन मोठी भोकं पाडली, "गरम हवा निघून जाईल" म्हणून. आणि मग दोन महिन्यांनी, त्याच टेकडीवर, शेवटच्या वळणाच्या जरा अलीकडे, गॅस्केट पुन्हा उडालं. पुन्हा चौथ्या सिलिंडरपाशीच.

या वेळी नुसतं आमचं नुकसान झालं नाही. ग्लायकॉल मिसळलेलं कूलंट रस्त्यावर सांडलं, आणि ग्लायकॉल म्हणजे टायरखाली तेलासारखंच. मार्शल लोक झाडू आणि सिमेंटची पूड घेऊन धावले. खाली रांगेत वीसेक जण हेल्मेट घालून ताटकळत बसले होते. त्यातल्या एकाच्या लक्षात आलं नसतं आणि तो त्या ओल्या पट्ट्यावर गेला असता तर? एक शब्दही न बोलता रस्ता घासणाऱ्या त्या साठीच्या आजोबांकडे बघून मला जी लाज वाटली, ती प्रॉडक्शन डेटाबेस उडवला तेव्हाही वाटली नव्हती.

त्या रात्री घरी येऊन मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. कागद-पेन घेतलं.

आमचं इंजिन साधारण १६० किलोवॅट देतं. पूर्ण जोरात असताना कूलंटमध्ये अंदाजे ८० किलोवॅट उष्णता जाते असं धरा. ३३ सेकंदांपैकी पाय पूर्ण दाबलेला असतो तो फार तर २० सेकंद. म्हणजे ८० गुणिले २०, झाले १६०० किलोजूल. आता दुसरी बाजू. सात लिटर कूलंट, आणि त्याच्या आसपासचं ऐंशीएक किलो लोखंड-अ‍ॅल्युमिनिअम. हे सगळं मिळून एक अंश तापवायला साधारण ७० किलोजूल लागतात. भागाकार करा. २३ अंश!

म्हणजे काय ते नीट बघा. रेडिएटर पूर्णपणे काढून फेकून दिला, तरी ७० अंशांवर सुटलेली गाडी वर पोचेपर्यंत ९३ अंशांवर जाईल. बस. (काढून फेकू नका, रांगेत उभं राहायचं असतं.) तेहतीस सेकंदांच्या शर्यतीत रेडिएटर हा जवळजवळ प्रेक्षक असतो. आम्ही प्रेक्षकाला नवे कपडे शिवत होतो.

मग ही अंधश्रद्धा येते कुठून? आपल्यापुरतं सांगायचं तर घाटातून. बाबा अजून सांगतात, पद्मिनी घेऊन कोल्हापूरला जाताना खंबाटकीत बॉनेट उघडून उभं राहायचं, कुणीतरी बाटलीतून पाणी आणायचं. तिथे ते खरंच होतं. पूर्ण लोड, दुसरा गिअर, बैलगाडीचा वेग, समोरून हवा नाही, आणि हे सगळं वीस मिनिटं. तसंच अमेरिकेतल्या पाइक्स पीकचं. जवळजवळ २० किलोमीटर, १५६ वळणं, शेवट ४३०२ मीटर उंचीवर, जिथे हवाच समुद्रसपाटीच्या साठ-पासष्ट टक्के उरते. २०१८ मध्ये रोमॅं दुमाने फोक्सवॅगनची इलेक्ट्रिक गाडी तिथे ७ मिनिटं ५७ सेकंदांत नेली. म्हणजे सर्वांत वेगवान माणसालाही आमच्या चौदापट वेळ लागतो. तिथल्या पेट्रोल गाडीने मोठा रेडिएटर मागितला तर तो जरूर द्यावा. पण 'हिल क्लाइंब' हा एकच शब्द दोन्हीला लावला म्हणून दोन्हीची औषधं एक होत नाहीत. सुटे भाग विकणाऱ्याला हा फरक सांगण्यात काही रस नसतो, आणि विचारायची अक्कल घेणाऱ्याला नसते.

"पण मोठा असला तर बिघडलं कुठे?" असं आमचे कोल्हापूरकर म्हणतात. बिघडतं ना! गाडीच्या नाकावर पाच-सहा किलो वजन वाढतं, हा झाला किरकोळ मुद्दा. खरी गोष्ट हवेची आहे. ताशी १०० किलोमीटरला समोरच्या हवेचा जोर किती असतो? पाण्याच्या भाषेत सांगायचं तर जेमतेम ४८ मिलिमीटर. तेवढ्या भांडवलावर हवेला आधी जाड इंटरकूलर, मग जाड रेडिएटर, मग इंजिनाची अडगळ ओलांडून बाहेर पडायचंय. हवा काही वेडी नाही. ती बाजूच्या फटींतून निघून जाते.

आणि बाहेर पडायचं कुठून? आम्ही काचेजवळ पाडलेल्या भोकांतून? काचेच्या पायथ्याशी गाडी धावताना दाब जास्त असतो. मी मत्स्यालयाची पारदर्शक नळी घेतली, तिचा इंग्रजी 'यू' केला, त्यात रंगीत पाणी भरलं आणि भोकांपाशी लावून बघितलं. बॉनेटवर लोकरीचे तुकडे चिकटवले. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती! चारशे पौंडांचा रेडिएटर पुढून हवा मागत होता आणि आम्ही मागून त्याचा गळा दाबत होतो. ती भोकं बुजवली, रेडिएटरच्या लगेच मागे, बॉनेटच्या पुढच्या भागात नवी पाडली, आणि नाकापासून रेडिएटरपर्यंतच्या सगळ्या फटी फोमच्या पट्ट्या आणि पत्र्याने बंद केल्या. खर्च तीस पौंड आणि एक रविवार.

ऑइल कूलरची कथा तर करुण आहे. तेल साठ अंशांच्या वर कधी गेलंच नाही. घट्ट, थंड तेल घेऊन आम्ही टर्बो पूर्ण जोरात फिरवत होतो. आता तो कूलर काढलाय, आणि रांगेत असताना तेल ऐंशीला पोचल्याशिवाय मी सुटायच्या रेषेकडे जात नाही. छोट्या टेकडीवर थंड तेलाची काळजी गरम पाण्याच्या आधी करावी लागते, हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. वास्तविक हीट ट्रान्सफरच्या पेपरला काठावर का होईना पास झालेल्या माणसाला हे सांगावं लागू नये.

आता गॅस्केट. ते तर उडालंच होतं ना? आणि काटा ९२ च्या पुढे गेला नव्हता, शप्पथ. इथे मला ऑफिसातला तो प्रसंग आठवला, डॅशबोर्ड हिरवागार आणि ग्राहक फोनवर शिव्या घालतोय. अशा वेळी पहिला प्रश्न काय विचारायचा? मोजताय कुठे!

हे इंजिन मुळात माझदाच्या ३२३ सारख्या गाड्यांत आडवं बसायचं. तेव्हा पाणी एका टोकाने आत शिरायचं आणि दुसऱ्या टोकाने, थर्मोस्टॅटमधून, बाहेर पडायचं. एमएक्स-५ मध्ये ते उभं बसवलं. मागचं टोक फायरवॉलला टेकायला आलं, म्हणून बाहेर पडायची वाट पुढे आणली. म्हणजे पाणी पुढून आत आणि पुढूनच बाहेर. सगळ्यांत मागच्या, चौथ्या सिलिंडरपाशी त्याला जायचं काही कारणच उरलं नाही. मूळ ताकदीवर हे खपून जातं. टर्बो लावल्यावर नाही. मी हेडच्या मागच्या टोकाला थर्मोकपल चिकटवला. पुढचा काटा ९१ दाखवत असताना मागे १०८! माझं ते २३ अंशांचं गणित सरासरीचं होतं, आणि गॅस्केटला सरासरीशी देणंघेणं नसतं. ते एका जागी जळतं. पुढे कितीही मोठा रेडिएटर लावा, जे पाणी मागे पोचतच नाही त्याला तो थंड काय करणार?

उपाय जुना आहे, या गाड्यांवर अनेकांनी केलेला आहे. पाण्याची बाहेरची वाट पुन्हा मागे न्यायची. हेडच्या मागच्या टोकाला थर्मोस्टॅट, तिथून एक लांब होज पुढे रेडिएटरपर्यंत. फायरवॉलपाशी हात जात नाही, कोपरं सोलून निघतात, तो भाग वेगळा. सगळं मिळून रेडिएटरच्या एक तृतीयांश किमतीत झालं. आता पुढे-मागे फरक पाच अंशांचा.

राहिला इंटरकूलर, आणि खरं तर तेहतीस सेकंदांत खेळ जो काही आहे तो इथेच आहे. बाहेर २० अंश असताना ०.८ बार दाबाने टर्बोतून निघालेली हवा साधारण ९७ अंशांची असते. बरा इंटरकूलर ती ४३ वर आणतो. पण उन्हात रांगेत अर्धा तास उभ्या गाडीत, खालून इंजिनाची धग खात, तो इंटरकूलर स्वतःच पन्नास-साठला बसलेला असेल तर? सुटतानाच तुम्ही गरम हवा पीत असता, मग नॉकिंग, मग पुन्हा तेच गॅस्केट. त्यावर आमचा उपाय म्हणजे बागेत झाडांवर मारायचा फवारा आणि एक ओलं फडकं. शंभर ग्रॅम पाणी वाफ होताना सव्वादोनशे किलोजूल घेऊन जातं, आणि आमच्या इंटरकूलरला पूर्ण चढाईत मिळून १८० च्या आसपास सोसावे लागतात. अर्धा पेला पाणी! फक्त सुटायच्या रेषेआधी सगळं पुसून घ्यायचं, दुसऱ्याच्या रस्त्यावर थेंब नको. (हे आम्ही कुठे शिकलो ते वर आलंच आहे.)

तसंच वर पोचल्यावर. शेल्सलीला बाकीचे येईपर्यंत वर थांबावं लागतं. लोक टर्बो लाल असताना इंजिन खटकन बंद करतात आणि बॉनेट लावून गप्पा मारायला जातात. पंप थांबला, पाणी थांबलं, टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल करपलं. आम्ही मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवतो आणि बंद केल्यावर बॉनेट उघडून ठेवतो. एवढंच. याचं बिल कोणी देत नाही, म्हणून बहुधा हे कोणी सांगतही नाही.

मला राग कोल्हापूरकरांचा नाही, तो बिचारा निदान होज बसवायला आडवा झाला. राग त्या सवयीचा आहे जी मी रोज ऑफिसातही बघतो. सिस्टीम स्लो आहे? रॅम वाढवा. अजून स्लो आहे? सर्व्हर वाढवा. क्वेरी उघडून बघायला कोणी तयार नाही, कारण बघितलं तर आपलीच चूक सापडायची भीती. विकत घेतलेल्या वस्तूचं तसं नसतं. ती दाखवता येते, फोटो काढता येतो. फोमच्या पट्टीचा फोटो कोण बघणार?

या मोसमात सहा वेळा टेकडी चढलो, कूलंट म्हणून साधं डिस्टिल्ड पाणी आणि गंज रोखणारं रसायन घालून. ग्लायकॉल बंद, हिवाळ्यात पाणी काढून ठेवतो. गॅस्केट तेच आहे. वेळ ३२ सेकंदांवर आलीय, त्यातलं गाडीचं श्रेय किती आणि माझं किती यावर आमच्यात वाद आहे.

तो चकचकीत रेडिएटर काढून मूळचाच परत बसवलाय. मोठा गॅरेजच्या भिंतीला टेकून उभा आहे, कोल्हापूरकरांनी विकायला काढलाय. पुढच्या शनिवारी एक मुलगा बघायला येणार आहे, त्याची गाडीही एमएक्स-५, टर्बो, आणि तापतेय म्हणतो. कोल्हापूरकरांनी मला बजावलंय की तू घरात बस, तोंड उघडू नकोस, दोनशे पौंड येतायत. मी थर्मोकपल चार्ज करून.. म्हणजे त्याच्या मीटरमध्ये नवे सेल घालून ठेवलेत.