चौकटीबाहेरचा हात

परवा नातवाचं बोरन्हाण झालं. आठ महिन्यांचं बाळ, अंगात काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट. भोवती बोरं आणि गोळ्या वेचायला टपलेली सोसायटीतली पोरं. सारं कसं साग्रसंगीत. फक्त उत्सवमूर्ती हसायला तयार नव्हती. फोटोग्राफर चुटक्या वाजवत होता, आत्या खुळखुळा हलवत होती, मामा नाचत होता. बाळानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. "बाबा, एक फोटो धड आला नाही," म्हणत माझी मुलगीही रडवेली झाली.

उभा जन्म बँकेत गेल्यामुळे असेल, मी अशा वेळी आधी शिल्लक बघतो. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला अनोळखी माणसाची भीती वाटते. ते वाढीचंच लक्षण. आपलं कोण आणि परकं कोण हे त्याला कळू लागलेलं असतं. त्यातून अंगाला टोचणारा हलवा आणि मोडलेली झोप. अशा खात्यातून हसू काढायला गेलं, तर चेक परत येणारच!

हसण्याचं बाळांचं स्वतःचं वेळापत्रक असतं. बारशाच्या सुमारास तान्हं झोपेत हसतं, तेव्हा आपल्याकडच्या बायका म्हणतात, सटवाई हसवतेय. ते हसू कुणासाठी नसतं. समोरच्या माणसाला दिलेलं पहिलं हसू दीड-दोन महिन्यांनी येतं, आणि ते चेहरा पाहून येतं. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग केला. आईनं बाळाशी हसत-बोलत खेळायचं आणि मग एकदम निर्विकार चेहऱ्यानं नुसतं बघत राहायचं. बाळ आधी आईला परत बोलावू पाहतं. जमलं नाही की तोंड फिरवतं. आता सांगा, मोबाइलच्या पडद्यावर डोळे खिळलेला आपला चेहरा बाळाला कसा दिसत असेल?

माझी ही मुलगी १९९० सालची. तेव्हा माझी बदली तालुक्याच्या गावी झालेली. शाखेतल्या एका सहकाऱ्याचा क्लिक थ्री कॅमेरा मागून आणला. रोलमध्ये फोटो बाराच. बटण दाबताना कर्ज मंजूर करावं तसा विचार करायचा. रोल धुऊन आला तेव्हा अकरा फोटोंत मुलगी रडत तरी होती किंवा हलल्यामुळे पुसट तरी आलेली. बाराव्यात मात्र खुदकन हसलेली. कॅमेऱ्याकडे नव्हे, बाजूला कुणाकडे तरी बघून. त्या कडेला दिसतो फक्त एक बांगड्यांचा हात आणि त्यात मऊ भाताची वाटी.

तो हात माझ्या आईचा. मीच तिला म्हटलं होतं, "आई, जरा बाजूला हो ना, फोटोत येतेस." ती लगेच सरकली. पुढच्याच वर्षी ती गेली. तिचे दोन-तीन फोटो आहेत, लग्नकार्यात अवघडून उभी असलेले. नातीला हसवताना तिचा चेहरा कसा व्हायचा, ते मात्र कुठेच नाही.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. बाळाची झोप झालेली असावी, पोट भरलेलं असावं. फ्लॅशपेक्षा खिडकीचा उजेड बरा. कॅमेरा बाळाच्या नजरेच्या उंचीवर आणावा. दहा जणांनी ओरडण्यापेक्षा त्याच्या ओळखीच्या एकानंच पदराआडून 'कुऽऽक' करावं. बाळानं मान फिरवली, की थांबावं. "आता पुरे" म्हणायची त्याची तीच भाषा. न हसलेला फोटोही ठेवून द्यावा, तोही त्याचाच चेहरा आहे. आणि त्याला हसवणाऱ्या माणसाला मुळीच बाजूला करू नये. हसू त्या दोघांचं मिळून असतं; एकट्याचा फोटो काढला, की अर्धाच हिशेब लिहिला जातो.

संध्याकाळी तो जुना फोटो मी मुलीला दाखवला. ती बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. तेवढ्यात आतून खिदळणं ऐकू आलं. हलव्याचे दागिने उतरवलेलं बाळ आजीच्या मांडीवर लोळत तिच्या चष्म्याशी खेळत होतं. मुलीनं मोबाइल उचलला. सवयीनं आमची ही बाजूला सरकू लागली.

मुलगी म्हणाली, "आई, हलू नकोस. तिथंच बस."