गिळणे, वीज आणि आपला काढा

पक्षाघातानंतर गिळता न येणाऱ्या रुग्णाच्या गळ्याला विजेचा सौम्य प्रवाह देण्याच्या उपचाराविषयी वैद्यबंधूंकडून आमच्याकडे विचारणा होते. कोणी यंत्र विकत घ्यावे काय असे पुसतात. कोणी हा सारा परदेशी व्यापार म्हणून मोकळे होतात. दोन्ही भूमिका आम्हांस घाईच्या वाटतात.

हनुवटीखाली व गळ्यावर विद्युतपट्ट्या लावून स्नायूंचे आकुंचन घडवावयाचे आणि त्याच वेळी रुग्णाकडून गिळण्याचा व्यायाम करून घ्यावयाचा, अशी ही पद्धत आहे. अर्दितात चेहऱ्याला देतात तोच हा ‘करंट’ अशी नातेवाईकांची समजूत असते, तसे नाही. २००१ मध्ये अमेरिकेत फ्रीड व सहकाऱ्यांचा अनुकूल अभ्यास प्रसिद्ध झाला. २००७ मध्ये लडलो व सहकाऱ्यांना मात्र असे आढळले की, रुग्ण स्वस्थ असताना हा प्रवाह दिल्यास कंठिकास्थी खाली ओढले जाते. गिळताना तर ते वर उचलले जावे लागते! घशाच्या आत नळीवाटे प्रवाह देण्याच्या दुसऱ्या पद्धतीची कथाही संमिश्र आहे. २०१६ मध्ये १६२ रुग्णांच्या चाचणीत तिचा लाभ दिसला नाही. २०१८ मध्ये, श्वासनलिकेत नळी बसविलेल्या रुग्णांत, उपचार मिळालेल्या ३५ पैकी १७ जणांची ती नळी काढण्याजोगी स्थिती झाली, तर न मिळालेल्या ३४ पैकी केवळ तिघांची. म्हणजे विशिष्ट रुग्णास, तज्ज्ञाच्या हाती, उपयोग संभवतो. चिकित्सालयात शोभेला ठेवण्याची ही वस्तू नव्हे.

आणखी एक गोष्ट. आघातानंतरच्या पहिल्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळण्याचा त्रास होतो व त्यांतील पुष्कळांचा तो काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्या काळात जो उपचार चालू असेल, श्रेय त्याला मिळते. मग ते यंत्र असो की आपले औषध.

आम्हांस अधिक चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. वाग्भटाने निदानस्थानात जिह्वास्तंभ सांगताना वाणीबरोबरच अन्न व पान यांवरील ताबा सुटतो हे स्पष्ट नोंदविले आहे. असे असता त्याच रुग्णाला आपण पातळ काढा, समभाग पाण्यातून आसव-अरिष्ट, कोरडे चूर्ण देतो, क्वचित तेलाचा गंडूषही सांगतो. ज्याचे पान बिघडले आहे त्याला पातळ पदार्थ सर्वांत कठीण. तो घोट श्वासमार्गात उतरतो. संवेदना बोथट झाल्याने कित्येकदा ठसकाही लागत नाही, आणि चार दिवसांनी ज्वर व कास दिसले की आपण त्याला नवा व्याधी समजतो. तेल फुप्फुसात गेले तर त्याचा दाह फार चिवट.

ऑस्ट्रेलियातील १९ रुग्णविभागांच्या २०११ मधील चाचणीचा दाखला येथे उद्बोधक आहे. परिचारिकांनी ज्वर, रक्तशर्करा व गिळणे या तिहींकडे नियमाने लक्ष दिले, एवढाच तेथील उपचार. नव्वद दिवसांनंतर मृत्यू वा परावलंबित्व यांचे प्रमाण ५८ टक्क्यांऐवजी ४२ टक्के राहिले. यंत्र कोठेच नव्हते.

आपला जिल्हा, आता अहिल्यानगर, विस्ताराने राज्यात सर्वांत मोठा. लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयासारखी मोठी रुग्णालये येथे आहेत. परंतु अकोल्याच्या डोंगरातील वा जामखेडकडील कुटुंबाने आठवडेच्या आठवडे विद्युतउपचारासाठी ये-जा करावी, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. तेथे रुग्णाजवळ पोहोचणारा पहिला माणूस बहुधा वैद्य असतो, किंवा औषधालयाचा मालक.

तेव्हा आमचे म्हणणे असे. रुग्ण जागा आहे काय, ताठ बसू शकतो काय, चमचाभर पाण्याने खोकला येतो वा आवाज ओलसर, घरघरता होतो काय, हे पाहिल्यावाचून मुखावाटे काहीही देऊ नये. शंका येताच वाचा व गिळण्याच्या तज्ज्ञाकडे धाडावे. नाकातील नळी काढून टाकण्याच्या आग्रहाला बळी पडू नये. दरम्यान अभ्यंग आहे, स्थिती पाहून बस्ती आहे. वातव्याधीत बस्तीचे स्थान आम्ही नव्याने सांगावयास नको. औषधालयवाल्यांनी पक्षाघातासाठी अरिष्ट मागणाऱ्यास एवढेच विचारावे: रुग्ण पाणी नीट पितो का? उत्तर अडखळले, तर बाटली फडताळातच राहू द्यावी.

ज्या नगरात गुणेशास्त्रींनी औषधींचे गुणधर्मशास्त्र लिहिले, तेथील आयुर्वेद महाविद्यालयाने कोणता कल्प कोणत्या घनतेत गिळण्यास सुरक्षित, याची पद्धतशीर नोंद हाती घ्यावी, अशी आमची विनंती आहे. अवलेह काढ्याहून सोपा जातो हे आपण सारे म्हणतो. ते मोजून मांडण्याचे काम आता व्हावे.