फिल्टर बदलायला मेकॅनिकची वाट कशाला बघायची?



आज जरा कडू लिहितोय. सोयाबीनच्या पानावरचं भोक बघून आपण अळी ओळखतो. बैलाच्या चालीवरून कुठला खूर दुखतोय ते सांगतो. आणि ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर बदलायचा म्हटलं की हात मागं! वाफसा आलेला, मेकॅनिक दुसऱ्या गावाला, ट्रॅक्टर बांधावर उभा. फिल्टर काही शे रुपयांचा, पण गेलेला वाफसा कुठल्या बिलात धरायचा?

"ते आपलं काम नाही" असं म्हणणाऱ्यांना माझा सरळ सवाल आहे, मग काम कुणाचं? ट्रॅक्टर घेताना जे पुस्तक मिळतं त्यात किती तासांनी फिल्टर बदलायचा ते छापलेलं असतं. कंपनीनंच ते मालकासाठी लिहिलंय. पण पुस्तक कपाटात, आणि आपण ट्रॅक्टर लोड घेईना, मिसिंग मारायला लागला की जागे होतो.

दुसरी खोड त्याहून वाईट. जुना कागदी फिल्टर डिझेलमध्ये धुवायचा, झटकायचा आणि परत बसवायचा. अहो, कागदात अडकलेली बारीक धूळ धुऊन निघत नाही, उलट कागद फाटतो. मग ती धूळ थेट पंपात आणि नोझलमध्ये. पंपाचं काम निघालं की खर्च हजारात जातो. हिला काटकसर म्हणत नाहीत.

आता काम बघा. साधा पंप असलेल्या ट्रॅक्टरचं सांगतो.

१. इंजिन थंड होऊ द्या. विडी-काडी लांब. फिल्टरभोवतीची माती फडक्यानं पुसा. टाकीचा कॉक बंद करा, खाली ताट ठेवा.
२. मधला बोल्ट सोडून वाटी उतरवा. जुनं रबरी रिंग वर चिकटून राहतं, ते आठवणीनं काढा. एकावर एक दोन रिंगा बसल्या की गळती ठरलेली.
३. नव्या रिंगला डिझेलचं बोट लावा, फिल्टर सरळ बसवा, बोल्ट बेतानं आवळा. जोर दाखवायची ही जागा नव्हे.
४. कॉक उघडा. पहिल्या फिल्टरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा आणि फीड पंपाची हातकळ मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंपाचा स्क्रू. क्रम हाच. हातकळ दाब घेत नसेल तर स्टार्टरनं इंजिन थोडं फिरवून परत बघा.
५. चालू करा, गळती बघा, तासांचा आकडा वहीत लिहा. सांडलेलं डिझेल विहिरीजवळ ओतू नका.

हे दहावी पास माणसाला जमतं, शाळा न शिकलेल्यालाही जमतं.

काही जण म्हणतील वॉरंटी जाईल. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस त्यांच्याकडंच करा आणि बिल जपून ठेवा, ते बरोबर आहे. नव्या कॉमन रेल इंजिनांत दाब हजार बारच्या वर जातो. जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला उत्सर्जनाचे नवे नियम लागू झाले, त्यात अशी इंजिनं आली. तिथं नोझलचा पाइप सैल करून हवा काढू नका, गळती हातानं चाचपू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. पण जुन्या साध्या ट्रॅक्टरला ही सबब चालणार नाही.

मेकॅनिकवर माझा राग नाही. पंप आणि नोझल त्याचंच काम, तिथं त्याला मान आणि पैसे द्या. फिल्टरसाठी त्याला बोलावणं म्हणजे नख कापायला डॉक्टर बोलावणं.

कृषी खात्यातले आणि केव्हीकेचे साहेब लोक हे वाचत असतील तर एक विनंती. खताचा डोस सांगता, कीड सांगता, ते हवंच. पण पेरणीआधीच्या शिबिरात एक तास ट्रॅक्टरचा ठेवा. आणि फक्त दाखवू नका, पाना शेतकऱ्याच्या हातात द्या.

मृगाआधी एक पाना, एक फडकं आणि एक अस्सल फिल्टर घरात आणून ठेवा. पोराला शेजारी बसवून काम करा. पोरगी असेल तर तिलाही बसवा.