बेसबॉल न कळताही वाचावी अशी


रिंग लार्डनर यांची ‘यू नो मी अल’ (१९१६) ही कादंबरी बेसबॉल न कळणाऱ्याला हसवणार नाही, हा आपल्या पत्रलेखकाचा आक्षेप मला पटत नाही. तिच्यात शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचा पिचर जॅक कीफ गावाकडच्या मित्राला पत्रं लिहितो. हरला की दोष इतरांचा, जिंकला की श्रेय एकट्याचं. विनोद खेळाच्या नियमांत नाही, या फुशारकीत आहे, आणि ती कुठल्याही गावात ओळखू येते. इंग्लंडच्या लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनीही १९२५ च्या लेखात लार्डनरना मनापासून वाखाणलं. भाषेचा आक्षेप मात्र वजनदार आहे: चुकीच्या स्पेलिंगमुळे, मोडक्या व्याकरणामुळे सुरुवातीला अडखळायला होतं. पण त्या चुकांतूनच अल्पशिक्षित, भाबडा, चिक्कू जॅक उभा राहतो. त्या दुरुस्त केल्या तर माणूसच नाहीसा होईल. म्हणून ही कादंबरी मुळातूनच वाचावी, आणि सावकाश.