स्वस्त बाग, महाग पाहुणे

काशीतील रामघाट, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत पेशवेकाळापासून महाराष्ट्रीय कुटुंबे वसलेली आहेत. कामानिमित्त वाराणसीला गेलो असता रामघाटावरील अशाच एका घरी जाण्याचा योग आला. घराला अंगण नाही. जी काही बाग आहे ती गच्चीवर, माकडांसाठी लावलेल्या जाळीच्या आत. फुटक्या बादल्या आणि तेलाचे रिकामे डबे यांत तुळस, जास्वंद, गोकर्ण, पुदिना. खत निर्माल्याचे, रोपे शेजाऱ्यांकडून आणलेल्या फांद्यांची. खर्चाविषयी विचारले तेव्हा घरच्या आजी म्हणाल्या, "पाण्याखेरीज काही लागत नाही. मात्र बाहेरून आलेलं झाड आधी आठ दिवस जिन्यात ठेवते, मगच वर नेते. मागे एका कुंडीबरोबर पांढरी कीड आली आणि सगळी जास्वंद गेली."

कीटकशास्त्रात यालाच विलगीकरण म्हणतात.

आपल्याकडे आता गावोगावी नवी घरे, शेतघरे, कृषी पर्यटन केंद्रे उभी राहत आहेत आणि त्यांभोवती बाग हवीच असते. ठेकेदाराला पैसे देण्यापेक्षा ती स्वतः करावी, हा विचार योग्यच आहे. शेतकऱ्याला मातीकाम आणि कलम कोणी शिकवायला नको. परंतु मजुरी वाचवूनही निवड चुकली, तर बचत टिकत नाही.

हिरवळीचे उदाहरण घ्या. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला केवळ 5 मिलिमीटर पाणी धरले, तरी एका गुंठ्याला रोज सुमारे 500 लिटर लागते. ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो, तेथे ही हिरवळ फुकटात लावली तरी महागच.

कुंपणाची निवड याहून गंभीर आहे. सुवासिक फुलांमुळे कुंती अर्थात कामिनीचे कुंपण लोकप्रिय आहे. परंतु संत्रा-मोसंबीवरील सायला या किडीचे हे अत्यंत आवडते झुडूप. ही कीड कोवळ्या पालवीवर अंडी घालते. कुंपण वारंवार छाटले की पालवी वरचेवर फुटत राहते. म्हणजे बागेत नवी पालवी नसतानाही किडीची सोय घराशेजारी होते. हीच सायला ग्रीनिंग रोगाचा प्रसार करते. नागपूर-अमरावतीच्या संत्रा पट्ट्यात हे कुंपण लावणे म्हणजे किडीला स्वतःहून आमंत्रण देणे होय. कढीपत्ताही याच कुळातला; स्वयंपाकासाठी एखादे झाड ठेवावे, पण त्याच्या पालवीवर लक्ष असावे. कुंपणासाठी मेंदी उत्तम. ती फांद्यांपासून लागते, पाणी कमी मागते आणि या किडीला आश्रय देत नाही.

जास्वंदीचेही तसेच. 2005 नंतरच्या काही हंगामांत गुजरात, पंजाब व महाराष्ट्रात कपाशीवर ज्या पिठ्या ढेकणाने थैमान घातले, तो जास्वंदीवर सुखाने जगतो. पपईवरील पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोईमतूरला प्रथम आढळला आणि पुढे महाराष्ट्रातही पोहोचला. त्याला आवरण्यासाठी 2010 मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेमार्फत परोपजीवी मित्रकीटक परदेशातून आणावे लागले. त्यांनी काम चोख केले. पण कीड शिरण्याआधीच रोखणे केव्हाही स्वस्त.

म्हणून जास्वंद लावू नये असे नाही. फांदी निरोगी झाडाचीच घ्यावी. विकतचे रोप शेतापासून आणि इतर झाडांपासून दूर ठेवावे; आजींच्या आठ दिवसांऐवजी पंधरा दिवस ठेवल्यास अधिक बरे, कारण पानाच्या बेचक्यांतील अंडी प्रथम दिसत नाहीत. खोडावर मुंग्यांची ये-जा दिसली, तर पिठ्या ढेकूण शोधावा. थोडाच प्रादुर्भाव असेल तर फांदी कापून नष्ट करावी, नंतर पाच टक्के लिंबोळी अर्क वापरावा. मात्र ढेकूण तपकिरी आणि टणक झालेले दिसले, तर फवारणीचा हात आवरावा. आत मित्रकीटक वाढत असतात.

घराची बाग ही हौसेची बाब, विस्तार कार्यकर्त्याने तिच्यात कशाला वेळ घालवावा, असे काही सहकारी म्हणतात. मला हे पटत नाही. किडीला अंगण आणि शेत यांतील बांध कळत नाही. शेतीशाळेत पिकाचे निरीक्षण झाल्यावर दहा मिनिटे त्या शेतकऱ्याच्या अंगणातही जावे, कुंपण कशाचे आहे ते पाहावे आणि पान उलटून दाखवावे. एवढे केले, तर बागेवर वाचवलेला पैसा पुढे औषधाच्या दुकानात जाणार नाही.